टीव्हीकडे पाठ करून बसलेले आबा

वाण्यानं किलोभर साखर नीट किलोभर मोजून दिली तर दुसरी बाई गुमान घरी येईल. मला वाटतं, आज हा एवढा सरळ का वागला? घरी आल्यावर मी ती पिशवी परत जोखते. स्वभावच तसा, त्याला काय करणार. मालक म्हणतात, तुझ्यापुढं देव उभा राहिला तर तू त्याचं आधार कार्ड मागशील. मागीनच. आजकाल कुणाचं काय सांगता येतंय?

तर अशा बाईची लेक टीव्हीवरच्या शास्त्रीय गाण्याच्या स्पर्धेत निवडली गेली. आमचं गाव नेकनूरच्या पलीकडं, आणि घर मेंढरं राखणाऱ्यांचं. पोरीला गाण्याचा नाद शाळेतल्या बाईंनी लावला आणि आठवीपासून ती एसटीनं बीडला एका सरांकडं शिकायला जायला लागली. तेव्हा माझे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणतात, एकच वाक्य बोलले होते. "येवढ्या लांब पोर धाडायची, ती बी गाण्यापायी?" धाडली मी. पण ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. पुढं रोज संध्याकाळी आबा तिला आणायला फाट्यावर जाऊन उभे राहायचे. पोरीवर पाळत ठेवतेत, दुसरं काय, असं मी मालकाला म्हणायचे.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला लागायचा. गाव पेढे मागत होतं आणि मी घड्याळ घेऊन बसत होते. मुंबईच्या पोरीला सात मिनिटं दाखवलं, पुण्याच्या पोराला सहा, आणि आमच्या पोरीला चार? तिची साडीच का दाखवली, हातावरचा ताल का नाही दाखवला? तिच्यावेळीच तबला मोठ्यानं का वाजतो? मालक म्हणायचे, अगं गाणं ऐक. गाणं ऐकायला गाव होतंच की. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?

शेजारचे भाऊजी दर रविवारी यायचे. एकदा सरपंचकीला उभं राहून पडलेला माणूस, त्यामुळं त्यांना सगळीकडं निवडणूकच दिसते. "परीक्षक आधीच ठरवून बसलेत वैनी," ते चहाची बशी तोंडाला लावत म्हणायचे, "मी लई मतमोजण्या बघितल्यात, मला नका शिकवू." मग फोन काढून ते लोकांची मतं वाचून दाखवायचे. कुणी लिहिलेलं असायचं, गावाकडची म्हणून हिला डोक्यावर घेतलंय. कुणी लिहायचं, बीडची म्हणून हिला मुद्दाम मागं ठेवलंय. एकानं लिहिलं, आवाज बरा आहे पण उच्चार रानातले. त्याला मी मालकाच्या फोनवरून उत्तर दिलं, तू जेवतोस ते रानातलंच ना रे? मालकाला ते आठ दिवसांनी कळलं.

या सगळ्या गलक्यात आबा उंबऱ्यावर बसायचे, तोंड अंगणाकडं आणि पाठ टीव्हीकडं करून. हातात चाती, म्हणजे लोकर कातायची काडी, गरगर फिरत असायची. पहिल्या रविवारी माझं डोकंच फिरलं. नातीचं तोंडसुद्धा बघायचं नाही का या माणसाला? मालक हसले. म्हणाले, आबांची ऐकायची रीतच ती आहे. माजलगावच्या बाजारात मेंढरांच्या गळ्यात बांधायच्या घंट्या घ्यायला गेले की ते दुकानदाराकडं पाठ करून उभे राहायचे. त्यानं एकेक घंटी वाजवायची आणि पसंत पडली की आबांनी हात वर करायचा. मी आबांना विचारलं तर म्हणाले, "डोळा लई लबाड हाय. चकाकी बघितली की कानाला बोलूच देत न्हाई." पुढं त्या घंट्यांवरूनच, रानात पाठमोरे बसून, ते कुठलं मेंढरू कुणीकडं भरकटलं ते सांगायचे. आता गुडघे गेल्यामुळं रान सुटलं, पण कान शाबूत होते.

तर गाणं चालू असताना मधेच आबांचा हात वर जायचा. परीक्षकांनी तोंड उघडायच्या आधी. आणि बहुतेक वेळा परीक्षक नंतर तेच बोलायचे. भाऊजी तर टीव्हीपेक्षा आबांच्या हाताकडं जास्त बघायचे. आमच्या पोरीला तो हात दर वेळी वर गेला, हे मी नाकारत नाही. पण मुंबईच्या त्या पोरीलाही दोनदा गेला. घरचा माणूस असून! ते मला खुपलं ते खुपलंच.

शेवटच्या फेरीच्या आधीची फेरी जवळ आली. कार्यक्रमाचं चित्रीकरण आधी व्हायचं आणि पंधरा दिवसांनी तो दिसायचा. ते चित्रीकरण करून लेक घरी आली ती गप्प गप्प. शेवटच्या पाचांत निवड झाली होती. दुसरी पोर नाचत आली असती. हिनं पिशवी कोपऱ्यात टाकली आणि म्हणाली, "आई, मला पुढच्या फेरीला जायचं न्हाई."

"कावून?"

"उगंच."

उगंच? माझ्यासारख्या बाईला उगंच सांगून चालतंय का? कुठंतरी पाणी मुरत होतं. कुणी पोरानं छेडलं असंल का? मुंबईच्या पोरीच्या आईनं धमकावलं असंल का? डब्यातून काही खाऊ घातलं? मी तिचा फोन बघितला. ती अंघोळीला गेली तेव्हा पिशवी उलटीपालटी केली. ज्येष्ठमधाच्या काड्या आणि खोकल्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. गाणारीच्या पिशवीत हे असायचंच म्हणून मी ती परत ठेवून दिली. विचारून विचारून मी तिला हैराण केलं, आणि तिनं बोलणंच टाकलं. तंबोऱ्याला तर हात लावत नव्हती. चार वर्षांत घरात असं कधी झालं नव्हतं. पोर गाणं सोडती काय, या धास्तीनं माझं जेवण गेलं.

तो रविवार आला. घर भरलं होतं. लेक मागं भिंतीला टेकून बसली, बोलावलं तरी पुढं येईना. तिचं नाव पुकारलं आणि ती पडद्यावर आली. आणि काय गायली म्हणून सांगू! वरचा सा असा लागला, असा ठाम, की भाऊजी पाटावरून उठून उभे राहिले. पडद्यावर बघतो तर तिन्ही परीक्षकही खुर्च्यांतून उठलेले. टाळ्याच टाळ्या. मी तोंडाला पदर लावून रडले. कधी नव्हे ते मी घड्याळ बघितलं नाही.

मग लक्षात आलं, आबांचा हात वर गेला नव्हता. चातीसुद्धा थांबली होती.

"आबा, काय झोपलात का?" भाऊजी म्हणाले.

"न्हाई," आबा म्हणाले. "ही आपली न्हाई."

"आता! नाव पुकारलं की तिचं."

"नाव पुकारलं आसंल. आवाज आपला न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यासमोर एरवी मी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी भान राहिलं नाही. "तुमाला तवाबी नगं होतं आन् आताबी नगं हाय," मी म्हटलं. "लोकाच्या लेकीला हात वर करता आन् घरच्या पोरीला म्हणता आपली न्हाई? तीन तीन परीक्षक उठून उभं राहिलेत, ते काय येडे हायत?" आबांनी माझ्याकडं बघितलं, चाती खाली ठेवली आणि गुडघ्यावर हात देत उठून मागच्या वाडग्याकडं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जागेकडं, निघून गेले. त्यानं मी आणखीच पेटले.

भाऊजी कधी सटकले कळलं नाही, पण त्यांचे पाय घरी पोचायच्या आत गावाच्या ग्रुपवर बातमी पोचली होती. आजोबा म्हणतात, ही आपली नाही! खाली लोकांची मतं सुरू. म्हातारा जळतोय. घरातच फूट आहे. एकानं तर विचारलं, मग पोर कुणाची? चपलेनं हाणावं असं मत. मी फोन पालथा घातला आणि लेकीकडं वळले, तर भिंतीपाशी लेक नाही.

ती वाडग्यात होती. मी कुडाच्या अलीकडंच थांबले. चोरून ऐकायची सवय, ती कुठं जाते? आबा दगडावर बसलेले, पोर त्यांच्या गुडघ्यात डोकं खुपसून हमसून हमसून रडत होती, आणि रडता रडता सांगत होती. त्या दिवशी तिचा गळा बसला होता. वरच्या साला आवाज फुटला. दुसऱ्यांदा घेतला, तरी फुटला. तिथल्या रेकॉर्डिंगच्या माणसानं सांगितलं, काही काळजी करू नको, मशीनवर नीट करून टाकतो, कुणाला कळत नसतंय.

मी तशीच आत गेले. "आन् ते परीक्षक उठून उभं राहिले ते?"

"ते चहाला उठलेते, आई," ती म्हणाली. "चहाची सुट्टी झालती."

हसावं का रडावं मला कळेना. एरवी या बातमीवर मी महिनाभर बोलले असते. पण तिनं डोकं वर करून माझ्याकडं बघितलं.

"मी पंधरा दिवस वाट बघितली," ती म्हणाली. "म्हणलं, दाखवतील तवा कुणीतरी म्हणंल, ही तू न्हाईस. सरांचा आत्ताच मेसेज आला, शाब्बास म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी कशाला गाऊ? मशीनच गाईल की." मग म्हणाली, "आई, तुला बी कळलं न्हाई?"

वाण्याची साखर जोखणारी मी. कुणाला किती मिनिटं दाखवलं ते मोजणारी मी. सगळ्या जगावर संशय घेतला आणि टीव्हीनं माझ्याच लेकीचा आवाज बदलून दिला, तो मी डोळ्यात पाणी आणून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. लाज वाटली मला.

"आबा, तुमाला कसं कळलं?" मी विचारलं.

उत्तर लेकीनं दिलं. "फाट्यापासून घरापर्यंत मी रोज त्यांना म्हणून दाखवायचे. चार वर्षं. सरांनी शिकवलेलं सगळं. तू कधी विचारलंच न्हाईस."

पाळत ठेवतेत म्हणायचे मी. त्याच माणसाला मी मघाशी चार लोकांसमोर बोलले होते. "चुकलं माझं, आबा," मी म्हटलं. ते नुसते हं म्हणाले, आणि पोरीला म्हणाले, "म्हन आता."

"गळा आजून बरा न्हाई, आबा."

"आसू दे. हाय तसंच म्हन."

आबांनी दगडावर बसल्या बसल्या आमच्याकडं पाठ केली. लेकीनं नाक पुसलं, खाली लेंड्यांकडं बघत सुरुवात केली. आवाज घोगरा होता, मधेच धाप लागत होती. कोकरं बें बें करत होती. वरच्या साकडं जाताना ती कचरली, तरी गेली, आणि तिथं आवाज फुटला. टीव्हीवरच्यासारखा मुळीच नव्हता.

आबांचा हात वर गेला. "ही आपली," ते म्हणाले.

पोर रडतच होती, पण गात राहिली.

शेवटच्या फेरीला ती गेली. तिथल्या माणसाला सांगून आली की माझं जसं येईल तसंच ऱ्हाऊ द्या, नीट करू नका. पाचांत पाचवी आली, ते आम्हाला चित्रीकरणाच्या दिवशीच कळलं होतं. तरी त्या रविवारी घर भरलं, कारण फुकटचा चहा आणि मत द्यायची सोय आमच्याकडंच होती. मी मात्र त्या दिवशी पुढं बसले नाही. उंबऱ्यावर आबांशेजारी बसले, अंगणाकडं तोंड करून. आबा थोडे सरकले आणि त्यांनी लोकरीची टोपली बाजूला घेतली.

लेकीचं नाव पुकारलं. अंगणात कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, तेवढंच मला दिसत होतं. गाणं हळूहळू चढत गेलं. वरच्या साला आवाज लागला आणि लागता लागता किंचित चिरला. मागं भाऊजी म्हणाले, "गेली! गेली आपली शीट!" आणि लगेच मतं वाचायला लागले. गेल्या वेळी किती छान गायली होती, आज काय झालं हिला. तयारी कमी पडली. आधीची निवडच वशिल्याची असणार. आता ते चिरणं त्या टीव्हीवाल्यांनी लेकीचा शब्द राखायला तसंच ठेवलं की तिला खाली पाडायला, याचा मला अजून संशय आहे. तो जायचा नाही.

पण तेव्हा ते मनातही आलं नाही. माझा हात वर गेला होता. बाजूला बघितलं तर आबांचा अजून चातीवरच होता.

"आई," मागून लेक हळूच म्हणाली, "गाणं आजून संपलं न्हाई."

"म्हाईत हाय मला," मी म्हटलं, आणि हात तसाच वर धरून बसले.