फाटकाचा नियम आणि सुट्टीतलं पुस्तक

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी आमच्या संस्थेच्या मॅनेजर साहेबांनी माझ्या टेबलावर एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाच्या सहा प्रती आणून ठेवल्या. शाळेचं नेतृत्व कसं करावं, हा त्या पुस्तकाचा विषय. बनारसमधल्या त्या मुलींच्या शाळेची मी प्रिन्सिपल होते. मी आणि पाच जुन्या शिक्षिकांनी सुट्टीत ते वाचायचं आणि जूनच्या शेवटी सगळ्या स्टाफसमोर त्यावर चर्चा करायची, असा हुकूम होता. दिल्लीच्या मोठ्या शाळांत असंच चालतं म्हणे. स्वतःसाठी त्यांनी एकही प्रत ठेवून घेतली नव्हती. तेव्हाच माझं डोकं तापलं होतं. पण मी "जी, साहेब" म्हणाले.

पाचांपैकी चौघींनी मला सरळ सांगितलं, "बहनजी, आप ही सार बता दीजिएगा." पाचवी शिक्षिका सायन्स शिकवायची. दुर्गाघाटावरच्या भिक्षुकी करणाऱ्या मराठी घरातली ही मुलगी, सगळं शिक्षण हिंदीतून झालेली. ती रोज चार वाजता, ऊन उतरायच्या आत, दूधविनायकला माझ्या घरी यायची. सोबत पुस्तक आणि कव्हर निघालेली डिक्शनरी. शाळेत मी बहनजी, घरी ताई.

"ताई, या वाक्याचा मतलब नीट लागत नाहीये."

मी समजावून सांगायची आणि मनातून खूशही व्हायची. एका प्रकरणात लिहिलं होतं की, जी मुलं शाळा सोडून गेली त्यांच्या घरी जावं, का सोडली ते विचारावं आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये.

"ताई, आपण जाऊ या का? नववीतल्या सात मुली गेल्यात यंदा."

"अगं, हे पुस्तकात वाचायला ठीक. या लूच्या गरम वाऱ्यात कुठे हिंडणार?"

ती एकटीच गेली.

चर्चेच्या दिवशी मॅनेजर साहेब मधल्या खुर्चीत बसले. समोसे आले. मी पंधरा मिनिटं छान बोलले, टाळ्याही पडल्या. मग ती उठली आणि हिंदीत बोलू लागली. सातही घरी ती जाऊन आली होती. दोन मुलींची लग्नं झाली होती. उरलेल्या पाच जणींची नावं गैरहजेरीमुळे कापली गेली होती, आणि ती गैरहजेरी शाळेच्या फाटकाने लावलेली होती.

मुन्शी घाटाजवळच्या एका मुलीचं तिने सविस्तर सांगितलं. आई दुसऱ्यांकडे स्वयंपाकाला पहाटेच निघून जाते. गल्लीतल्या नळाला साडेसहाला पाणी येतं. लाईनीत उभं राहून, घरचं पाणी भरून मुलगी धावत निघते आणि सव्वासातला पोचते. फाटक सात वाजून दहा मिनिटांनी बंद. आठवड्यातून चार दिवस ती बंद फाटकावरून परत जात होती.

तो नियम माझा होता. मीच तो केला होता आणि त्याचं मला कौतुक होतं.

"पुस्तकावर बोला," मॅनेजर साहेब म्हणाले.

"पुस्तकावरच बोलतेय, सर. यात हेच करायला सांगितलंय. आपण वाचलंच असेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "बस झालं. बसा आता."

या चार शब्दांबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

नंतर साहेब माझ्या ऑफिसात आले आणि बेशिस्तीची नोटीस द्या म्हणाले. मी ती टाईप करवली, सही केली. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांचा नव्हे, तिचाच राग आला होता. महिनाभर माझ्या घरी चहा प्यायली आणि चारचौघांत माझं नाक कापलं, असं वाटत होतं. मी तिला बोलावून नोटीस हातात दिली.

"आधी मला घरी सांगायला काय झालं होतं?"

तिने कागद वाचला, घडी घातली. "सांगायला आले होते, ताई. तीनदा. तुम्ही म्हणालात, ते जूनमध्ये स्टाफपुढेच सांग."

म्हणाले होते. तीनदा म्हणाले होते, आणि एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

ती गेल्यावर मी नोटिशीची ऑफिस-कॉपी फाडली. मग मॅनेजर साहेबांना पत्र लिहिलं: नोटीस मागे घेतली आहे, फाटक यापुढे पावणेआठला बंद होईल, आणि न वाचलेल्या पुस्तकावरच्या सभेचं अध्यक्षपद कृपया पुन्हा भूषवू नये. शेवटचं वाक्य क्लार्कने दोनदा विचारून टाईप केलं. साहेब माझ्याशी त्यानंतर बोलले नाहीत आणि निवृत्तीच्या वेळी माझी नोकरीची वाढीव दोन वर्षं त्यांनी अडवली. त्याचं मला काही वाटलं नाही.

जुलैत आम्ही दोघी पाचही घरी गेलो. चौघी परत आल्या. मुन्शी घाटाजवळच्या मुलीची आई दारात उभी राहून माझं सगळं ऐकून घेत होती. मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "अब का फायदा, बहिनजी? तब त फाटक से लौटा देहलीं."

तेव्हा तर फाटकावरून परत पाठवलंत, एवढंच; आवाजात राग नव्हता. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलगी आत बसून कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होती. तिने मला ओळखलं, नमस्ते केलं आणि पुन्हा सुईत लक्ष घातलं.