शिसं मोडण्याचा आवाज

दगड फुटायच्या आधी आवाज करतो, असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा सांभाळून बघतात. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षं 'दगडाशी बोलणाऱ्या बाई' म्हणून ओळखली जात होते. मी बोलत नव्हते, ऐकत होते. पण हा फरक सोसायटीच्या मीटिंगमध्ये समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. तिथे पार्किंगखेरीज दुसरा कुठलाही विषय कुणाच्या डोक्यात शिरत नसे.

काम साधं होतं. कुठे बोगदा काढायचा असला की आधी तिथला खडक ड्रिलने भोक पाडून तपासतात. त्या भोकातून काळ्या दगडाचे गोल, गुळगुळीत दांडके निघतात. ते आमच्या प्रयोगशाळेत यायचे. आम्ही त्यांचे वीतभर तुकडे कापायचे, यंत्राच्या दोन जबड्यांत उभे धरायचे आणि सावकाश दाबायचे. तुकड्याच्या अंगाला शर्टाच्या बटणाएवढे सेन्सर ग्रीस लावून चिकटवलेले असायचे. दाब वाढला की दगडाच्या पोटात बारीक बारीक चिरा पडायला लागतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. पण प्रत्येक चीर पडताना एक लहानशी लहर उठते, सेन्सर ती पकडतो आणि यंत्र तिचा आपल्या कानाला ऐकू येईल असा 'टिक' करून देतं. आधी एखाददुसरा, मग फोडणीतल्या मोहरीसारखे भराभर, आणि मग दगड फुटतो. तो सगळा आवाज आम्ही टेपवर घेत असू.

यात आणखी एक रीत होती. प्रयोग सुरू करण्याआधी सेन्सरला नीट ऐकू येतंय ना, हे बघावं लागतं. त्यासाठी जगभर एकच गोष्ट करतात, आणि ती इतकी साधी आहे की नवीन विद्यार्थ्यांना थट्टा वाटते. क्लच पेन्सिलचं बारीक शिसं दगडावर तिरकं टेकवायचं आणि मोडायचं. शिसं मोडतं, दगड क्षणभर हलतो, यंत्र 'टिक' म्हणतं. म्हणजे कान ठीक आहेत, करा सुरुवात. त्यामुळे आमच्या प्रत्येक टेपच्या तोंडाशी दगडाच्या आवाजाआधी कुणाच्या तरी हाताचा आवाज आहे. हात ओळखू येतो. माझं शिसं घाईने मोडतं. 'फोन आपटावा तसं मोडता,' असं मला ऐकवलेलंही आहे.

ऐकवणारा माझा सहकारी होता. वर्ध्याकडचा, माझ्याच वयाचा. तोंडावर आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो, तो मला 'मॅडम' म्हणायचा. मनात मात्र मी त्याला कायम अरे-तुरे केलं आणि इथेही तेच करणार आहे. प्रयोग चालू असताना त्याला पूर्ण शांतता लागायची. पंखा बंद, चपला बाहेर, बोलणं बंद. एप्रिलमध्ये आम्ही घामाने निथळत दगडासमोर बसायचो आणि मला शिंक आली तरी तो अशा नजरेने बघायचा की ती परत आत जावी. शिसं तो तीनदा मोडायचा. दोनदा लागोपाठ, मग थांबायचा, इतका की आपल्याला वाटावं विसरला, आणि मग तिसरं. 'पहिली दोन यंत्रासाठी आणि तिसरं माझ्या खात्रीसाठी,' असं त्याचं म्हणणं होतं. मी या थांबण्यावरून त्याला पुष्कळ टोमणे मारले.

ते दिवस असे होते की प्रयोगशाळेत रोज कुणी ना कुणी पेढे वाटायचं आणि ते पेढे राजीनाम्याचे असायचे. ज्यांना काल दगडाचं वजन धड करता येत नव्हतं ते आज सॉफ्टवेअरमध्ये जात होते आणि आमच्या तिप्पट मिळवत होते. त्यालाही विचारणा झाली होती. गेला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, कॉम्प्युटर बंद पडण्याआधी काही बोलत नाही, त्यात मजा नाही.

दगडांचे खोके घाटाकडच्या एका कामावरून एसटीच्या पार्सलने स्वारगेटला यायचे. आणायला शिपाई पाठवता आला असता, पण त्याचा कुणावर विश्वास नव्हता. खोके आदळले तर दगडात आधीच चिरा पडतात आणि मग आपण फुकटच्या चिरा ऐकत बसतो, म्हणून तो स्वतः स्कूटरवर जायचा आणि खोका पायांमध्ये धरून आणायचा. अशाच एका सकाळी, नुकताच पाऊस होऊन गेलेला असताना, स्वारगेटच्या चौकात त्याची स्कूटर घसरली. डोक्याला लागलं. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

खोका आम्हाला नंतर मिळाला. मी तो उघडला. एकाही दगडाला तडा गेलेला नव्हता. मला त्या दगडांचा इतका राग आला की मी झाकण लावून तो फळीवर सर्वांत वर ढकलून दिला आणि बरेच दिवस त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

त्याची बायको लहान मुलीला घेऊन वर्ध्याला माहेरी गेली. जाण्याआधी ती माझ्याकडे आली. मुलगी तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. त्याची बायको अगदी नीट बसून, पदर सारखा करून, हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्याकडे सगळं टेप करून ठेवतात, असं हे सांगत होते. त्याच्यात यांचा आवाज असन का जी?"

मग तिने सांगितलं की घरात त्याचा आवाज कुठेच नाही. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, पण शूटिंगवाल्याने तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई आणि सिनेमातली गाणी भरली आहेत. तो कुणाशी तरी हसून बोलतो, ओठ हलतात आणि ऐकू गाणं येतं. मुलीला मोठी झाल्यावर बापाचा आवाज कसा होता ते काय सांगू, असं ती विचारत होती. माझ्याकडून तिला उत्तर नको होतं, टेप हवी होती.

उत्तर माझ्याजवळ त्याच क्षणी होतं. आमच्या यंत्राला माइक नसतो. ते सेन्सर इतक्या वरच्या, बारीक आवाजासाठी बनवलेले असतात की माणसाचं बोलणं त्यांच्या गावीही नसतं. शेजारी उभं राहून कुणी आरडाओरडा केला तरी टेपवर काही येत नाही. शिवाय हा माणूस प्रयोगाच्या वेळी स्वतः कधी तोंड उघडत नसे. आवाज असणं शक्यच नव्हतं. 'नाही' हा शब्द मला कुणालाही, कधीही, चहा पिता पिता सहज म्हणता येतो. तोच माझा लौकिक आहे. त्या दिवशी तो तोंडातून निघाला नाही. मी म्हणाले, बघते.

आणि मग मी खरंच बघायला लागले. जे नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, ते मी जेवणाच्या सुट्टीत, कानाला हेडफोन लावून, एकेका टेपवर शोधत बसले. नुसती खरखर. मग त्याची दोन शिसं. मग तो थांबतो. मग तिसरं. मग दगड. पुढची टेप. त्या थांबण्यात मी श्वास धरून ऐकायची, कारण बोलला असता तर तो तिथेच बोलला असता. माझं हे काय चाललंय, असं एकदा साहेबांनी विचारलं. जुन्या टेपा तपासतेय, असं मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. घरी लोखंडी कपाट उन्हं उतरली की तडकतं, त्या आवाजाला मी दचकायला लागले. कुकर गार होताना टिकटिकतो, तेव्हा मी कणीक मळायची थांबून पुढच्या टिकची वाट बघायची. नवरा म्हणाला, रजा घे. मी म्हणाले, रजा घेऊन घरीच बसायचं ना, इथे तर जास्त ऐकू येतं.

शेवटी त्याचा तो स्वारगेटचा खोका फळीवरून काढावाच लागला, बोगद्याचं काम आमच्यासाठी थांबणार नव्हतं. भरदुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. दगड जबड्यात धरला, सेन्सर लावले, पंखा बंद केला. त्याच्यासारखं करायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. शिसं मोडलं. टिक. पुन्हा मोडलं. टिक. तिसऱ्यासाठी पेन्सिलचं शिसं पुढे काढायचं म्हणून मी मान खाली घातली, आणि त्या शांततेत यंत्र टिक म्हणालं.

पेन्सिल माझ्या हातात होती. दगडाला कुणी हात लावला नव्हता. दाब सुरू झालेला नव्हता.

सेन्सरखालचं ग्रीस बसताना जरासं सरकतं आणि असा चुकार आवाज येतो. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते. मी तेव्हाही स्वतःला तेच सांगितलं, मोठ्याने सांगितलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि भुतं असलीच तर ती ग्रीसमधून बोलत असतील असं मला वाटत नाही. पण मी तिसरं शिसं मोडलं नाही. ते झालेलं आहे असं धरून प्रयोग सुरू केला. भीती वाटली का, तर वाटली. आणि तो आवाज पुन्हा यावा असंही वाटलं.

पुढच्या वर्षी आमच्याकडे नवीन कॉम्प्युटर आले आणि जुन्या टेपा त्यांच्यात उतरवायचं ठरलं. कॉम्प्युटर विभागाने काम झटपट केलं. उतरवलेलं मी ऐकलं तर प्रत्येक प्रयोग थेट दगडाच्या पहिल्या चिरेपासून सुरू होत होता. सुरुवातीची टिकटिक कुठे गेली म्हणून विचारलं, तर ती माहिती नव्हे, ती नुसती तपासणी. प्रोग्रॅम ती आपोआप कापून टाकतो, असं मला समजावून सांगण्यात आलं. शास्त्राच्या दृष्टीने बरोबरच होतं. भांडायला काही जागाच नव्हती, म्हणून मी भांडले आणि अर्थात हरले. टेपा महिनाअखेर रद्दीत जाणार होत्या.

तेव्हा मी वर्ध्याला त्याच्या बायकोला फोन केला. कोथरूडच्या भाड्याच्या घरात त्यांचं थोडं सामान अडकलेलं होतं, ते न्यायला ती येणारच होती. त्याचं काहीतरी मिळालं आहे, एवढंच मी तिला सांगितलं. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच चीड आली. इतक्या दुरून येणाऱ्या बाईला मी पेन्सिलीचं शिसं ऐकवणार होते.

ती आली. मुलीला शेजारणीकडे ठेवून आली होती. मी तिला यंत्राजवळच्या स्टुलावर बसवलं आणि आधी खरं सांगून टाकलं, की आवाज नाही. आमच्या टेपवर माणसाचा आवाज येतच नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण मला सांगवलं नाही. यात फक्त त्याच्या हाताने शिसं मोडल्याचा आवाज आहे, दगड तपासण्याआधीचा. ऐकायचा नसेल तर नका ऐकू. तिचा चेहरा उतरला, पण ती रागावली नाही. आली आहे तर ऐकते, म्हणाली.

मी पंखा बंद केला, सवयीनेच. टेप लावली.

खरखर सुरू झाली. ती खाली मान घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती. टिक. टिक. मग तो थांबला. मी तिच्याकडे पाहिलं, ती तशीच होती. मला वाटलं, चुकलंच आपलं. मग तिसरा टिक आला.

ती उठली. "आले," असं म्हणाली, अगदी नेहमीच्या, घाईतल्या आवाजात, आणि दाराकडे दोन-तीन पावलं गेली. मग तिला कळलं ती कुठे आहे ते. ती तिथेच उभी राहिली आणि मी टेप बंद केली.

नंतर तिने सांगितलं. कोथरूडच्या त्या घरी बेल होती, पण बेल वाजली की मुलगी दचकून उठायची, म्हणून तो किल्लीने दार वाजवायचा. मजल्यावर चार दारं, भिंती पातळ, वाजलं ते आपलं की शेजारचं, कळायचं नाही. "दोन तर कोणाचेही असतात, ताई. मी उठत नव्हती. हे थांबून तिसऱ्यांदा वाजवत, मग मी पोरीला म्हणायची, बाबा आले."

मी त्याला त्या थांबण्यावरून इतकी वर्षं बोलले होते. यंत्रासाठी दोन आणि खात्रीसाठी एक, हे त्याने मला सांगितलं होतं. घरच्या दाराचं कधी सांगितलं नाही.

तिने डोळे पुसले. ही टेप घरच्या टेपरेकॉर्डरवर चालेल का, असं विचारलं. मी म्हणाले, चालेल असं करून देते. मग तिने विचारलं, "अजून एकदा लावता का?"

मी टेप मागे नेली. ती स्टुलावर बसेल म्हणून थांबले, पण ती बसली नाही. या वेळी ती आधीच दाराशी जाऊन उभी राहिली.