कौसाबाईंची बंदूक डावीकडेच मारते

ताजी बातमी अशी, की जळकोटच्या कौसाबाईंची बंदूक पुन्हा डावीकडे मारू लागली आहे. या वृत्ताला खुद्द कौसाबाईंनी आज सकाळी फोनवरून दुजोरा दिला. ती दुरुस्त करायला मिलिंदला आणि मला फारसा त्रास पडला नव्हता. त्रास झाला तो ती बिघडवताना. छर्‍याच्या जुन्या बंदुका खोलून बसायचा नाद ज्यांना आहे, किंवा ऐन दुष्काळात नांदेडहून लातूरकडे जायचं ज्यांच्या नशिबात आहे, त्यांना ही हकिगत उपयोगी पडावी.

मिलिंद हा माझा शेजारी. आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवून निवृत्त झालेला. आम्हा दोघांचा नाद एकच, स्प्रिंगच्या बंदुका. यात दारूगोळा नसतो. नळी मधून मोडली की आतली स्प्रिंग दबते, घोडा ओढला की ती दट्ट्याला ढकलते आणि दाबलेल्या हवेने छर्रा सुटतो. जत्रेत फुगे फोडायला मिळते तीच ही. मिलिंदची बहीण सुजाता जळकोटला शिक्षिका आहे. तिनेच कळवलं, की शेजारच्या, जत्रेत फुग्यांचा फळा लावणार्‍या कौसाबाईंची बंदूक मेली आहे आणि जत्रा आठवड्यावर आली आहे.

नांदेडहून उदगीरची एसटी धरली. कंधारनंतर दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं. गाडीत सगळ्यांना पुरेल एवढा एकच विषय होता: उदगीर नवा जिल्हा होणार का, आणि झाला तर जळकोट कुठे जाणार. मागच्या बाकावर एकाने जिल्हा करूनच टाकला, दुसर्‍याने तो रद्द केला. कंडक्टर म्हणाला, "तिकीट तेवढं जुन्या जिल्ह्यात घ्या, मग भांडा."

कौसाबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कोणताबी जिल्हा करा दादा. टँकर कोणाकडं मागायचा तेवढं सांगा."

बंदूक सासर्‍यांच्या काळातली. दस्त्यावर हात घासून लाकूड गुळगुळीत झालेलं, कारखान्याचा शिक्का पुसलेला. नळीवर मागच्या बाजूला, नेम धरायची खाच असते तिथे, कळकट लाल चिंधी गुंडाळली होती. मी ती सोडून फेकून दिली. हे लक्षात ठेवा.

स्प्रिंग खोलताना ती दाबून धरायला शिकंजा लावावा असं आम्ही सगळ्यांना सांगतो. शिकंजा नांदेडला राहिला होता. मिलिंदने मागचं टोपण फिरवलं, मी समोर उभं न राहण्याएवढी काळजी घेतली. स्प्रिंगचा तुटका तुकडा उडाला, पत्र्यावर आपटला आणि खाली झोपलेल्या बकरीशेजारी पडला. बकरीने एक डोळा उघडून मिलिंदकडे पाहिलं आणि जागा बदलली.

"असंच करायलेत का शहरात?" कौसाबाईंनी विचारलं.

"असंच असतं," मिलिंद म्हणाला.

स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते आणि दट्ट्याच्या तोंडाचा चामडी वायसर पापडासारखा कडक. दोन्हींसाठी लातूर गाठणं आलं. जाण्याआधी कौसाबाई म्हणाल्या, "यंदा पाळणेवाला येत न्हाई, मिठाईवालाबी न्हाई म्हणला. माझा फळा तेवढा हाय. बंदूक न्हाई झाली तर मी काय तोंडानं फुगे फोडू?"

दुसर्‍या दिवशी लातूर. गंजगोलाईच्या बाजारात उतरून विचारत विचारत स्प्रिंगवाल्याकडे गेलो. त्याने जुन्या तुकड्याची जाडी तपासली, नवी वळून दिली, टोकं सपाट घासून दिली. दुपार त्यात गेली, पण काम चोख. ही टोकं सपाट करून घ्यायला विसरू नका, नाहीतर बंदूक खांद्याला धक्के देते. जेवण गोलाईजवळच करा. भाकरी, पिठलं, ठेचा मागाल तेवढा मिळतो. पाणी मागू नका, ते आपलं आपण न्यायचं.

वायसरसाठी चामडं ओलं करून साच्यात दाबावं लागतं. चांभारदादांनी आधी विचारलं, "पाणी आणलंय का?" मिलिंदने बाटलीच्या टोपणाने मोजून पाणी दिलं. त्यात चामडं भिजलं, वायसर वळला, आणि उरलेलं पाणी दादांनी वेगळ्या बाटलीत भरून आम्हाला परत केलं. मिलिंदने ते नांदेडपर्यंत जपून आणून कढीपत्त्याला घातलं.

येताना एका गल्लीत टँकर लागला होता. घागरींची रांग वाकडी, आवाज चढलेले. आम्ही कडेने निघालो होतो, तेवढ्यात मापासाठी सोबत आणलेल्या बंदुकीची नळी काखेतल्या टॉवेलमधून बाहेर आली. आवाज खाली आले. एक बाई शेजारणीला म्हणाली, "आता बंदूकवाले बसवले गं पाण्यावर." रांग आपोआप सरळ झाली. हवालदार आला.

"काय हाय हे?"

"फुगे फोडायची आहे साहेब. स्प्रिंग नाही आत."

त्याने नळी मोडून पाहिली, रांगेकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "घाई न्हाई ना तुम्हाला? टँकर संपेस्तोवर इथंच थांबा. बोलू नका फक्त."

टँकर संपेपर्यंत आम्ही गंभीर चेहर्‍याने उभे राहिलो. जळकोटची शेवटची गाडी जेमतेम मिळाली.

तिसर्‍या दिवशी बंदूक जोडली. वायसर तेलात मुरवला, नळी पुसली. मागची खाच गंजून डाव्या कडेला चिकटली होती. तेल सोडून ती मी बरोबर मध्यावर आणली आणि गंजाचा डाग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला. अंगणात फळ्यावर लिंबाएवढे फुगे दाटीने लावले. सुजाताने जन्मात पहिल्यांदा बंदूक धरली, लाल फुगा म्हणाली आणि लालच फोडला. मिलिंदने माझ्या पाठीत थाप मारली.

तेवढ्यात नाना आले. गावातले मोठे शेतकरी, पांढरी मिशी. कौसाबाईंनी बंदूक त्यांच्या हातात दिली. नानांनी लाल फुगा सांगितला, ऐटीत नेम धरला, आणि पिवळा फुटला. लालच्या उजवीकडचा.

नानांनी बंदूक उलटसुलट करून पाहिली.

"कौसा," नाना म्हणाले, "हिला काय झालं?"

"नीट झाली जी," कौसाबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

मग आम्हाला सगळं कळलं. दर जत्रेला नाना आणि त्यांचे पुण्याचे जावई यांची पैज लागते. रंग एकाने सांगायचा, फुगा दुसर्‍याने फोडायचा. बंदूक एक फुगा डावीकडे मारते हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे, जावयाला सोडून. तो पुण्यात शिकलेल्या पद्धतीने सरळ नेम धरतो आणि दरवर्षी हरतो. हे बघायला अख्खं गाव कौसाबाईंच्या फळ्यापुढे जमतं, आणि जमल्यावर जो तो आपलाही हात दाखवतो. कौसाबाईंची जत्रा म्हणजे ही गर्दी.

"जावई जिंकला तर मी पुढच्या साली येत न्हाई," नाना म्हणाले. "मी न्हाई आलो तर कोणी येत न्हाई."

मिलिंदला हे पटेना. "नाना, नीट बंदूक वाकडी करायची म्हणजे आमच्या तत्त्वात बसत नाही."

"तुमचं तत्त्व नांदेडला ठेवा गुरुजी. ही जळकोटची बंदूक हाय."

"आम्ही जुनी होती तशी करायला आलो होतो," मी मिलिंदला म्हणालो. "तशी ती नाहीये आता."

पंचाईत अशी, की खाच नेमकी कुठे होती ते सांगणारा गंजाचा डाग मीच घासून काढला होता. ते माप आता फक्त नानांच्या डोळ्यात उरलं होतं. मग नाना नेम धरणार, मी लाकडी ठोकळ्यावरून हातोडी मारणार, असं सुरू झालं. एकदा खाच फार सरकली आणि छर्रा फळा सोडून पत्र्यावर गेला. बकरी न सांगता अंगणाबाहेर निघून गेली.

"अजून थोडी." ठक. "मागं घ्या." ठक. "अजून जरा."

शेवटी नानांनी पिवळ्यावर नेम धरला आणि लाल फुटला. मिशीवरून हात फिरवून ते म्हणाले, "हां. आता बिघडली."

सरकलेल्या खाचेचं बूड जावयाला दिसू नये म्हणून कौसाबाईंनी नवी लाल चिंधी गुंडाळली आणि मग आम्हाला चहा मिळाला.  परतीच्या गाडीत कंधार गेल्यावर मिलिंद म्हणाला, "हातोडी मात्र छान मारलीस."

घरी माझ्या दिवाणाखाली तीन बंदुका आहेत. तिन्ही अगदी सरळ मारतात. त्या बघायला आजवर कोणी आलेलं नाही.

जत्रा शनिवारी आहे. जावईबापू शुक्रवारी मुक्कामाला पोहोचतील, लाल फुगा सांगितल्यावर सरळ लालवर नेम धरतील आणि त्याच्या डावीकडचा फोडतील, अशी अपेक्षा आहे. टँकरही शनिवारीच येणार असल्याचं सांगितलं जातं. त्याला मात्र कोणीही दुजोरा दिलेला नाही.