कलेजीचा वाटा

आमच्या कोक-बुलाक गावात मेंढी कापली की तिच्या प्रत्येक हाडाचा मालक आधीच ठरलेला असतो. डोकं सगळ्यांत वयस्कर पुरुषाला, मांडीचं हाड त्याच्या खालोखालच्याला, छातीचा तुकडा जावयाला. सोयरीक करायला व्याही आले की उकडलेली कलेजी आणि शेपटीची चरबी त्यांना आपल्या हातानं भरवायची. ती त्यांच्या पोटात गेली की लग्न पक्कं, मग कुणी मागे फिरत नाही. मुलांच्या वाट्याला येतो कान. कान खाल्ला की मूल मोठ्यांचं ऐकतं.

"आणि कानानं रक्त होतं का?" असं उलकान एजेनं भर सभेत विचारलं, तेव्हा आमच्या अक्साकालांच्या, गावच्या मानकरी म्हाताऱ्यांच्या, दाढ्या हलायच्या थांबल्या.

एजे म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून लहान असलेलं सगळं गाव तिला तसंच म्हणतं. सरकारी गोठे होते तेव्हा ती तिथे गाई पिळायची. गोठे मोडले, गाई वाटल्या गेल्या, पण तिचा आवाज तसाच राहिला. नदीच्या पलीकडून हाक मारली तरी आमच्या घरातले पेले वाजायचे. नवरा लवकर गेला. मुलगा आणि सून मॉस्कोत साफसफाईच्या कामाला गेले आणि जाताना सेझिमला, दुधावरच्या पोरीला, आजीच्या मांडीवर ठेवून गेले.

एजेनं तिला आपल्या पद्धतीनं वाढवलं. पेल्यात साखर घातलेला चहा, त्यात भिजवलेली भाकरी, वर सायीची कड. आमच्याकडे सगळी मुलं त्यावरच मोठी होतात. सेझिम मात्र दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना. चुलीशेजारी बसून भिंतीचा चुना चाटायची. आम्ही शेजारणी हसायचो, एजेही हसायची. "ही माझी चुनखाऊ बकरी," म्हणायची.

एक दिवस दवाखान्यातली राकात नावाची नर्स घरोघरी मुलांची बोटं टोचत आली. सेझिमचं रक्त तिनं यंत्रात घातलं आणि तिचा चेहराच पडला.

"एजे, हिच्या रक्तात काही उरलं नाही. आजपासून चहा बंद."

"अगं जा! मी चहावर वाढले. अजून बैल ढकलते."

"तुम्ही आईच्या दुधावर आणि घोड्याच्या मांसावर वाढलात. चहा वरून प्यायलात. ही पोर नुसत्या चहावर आहे. खाण्यातलं लोह तो चहा अंगी लागू देत नाही."

"म्हणजे मी माझ्या नातीला विष घालते?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग दार उघडंच आहे."

राकात गेली. संध्याकाळी एजे गोठ्यात गेली, तर नवं वासरू भिंत चाटत होतं. तिनं सवयीनं मिठाचा खडा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि तिथेच खाली बसली. पुढे कित्येकदा तिनं हे मला सांगितलं. "वासरानं भिंत चाटली तर त्याला काहीतरी कमी पडतंय, हे मला कळतं. नातीनं चाटली तर मी हसते! काय डोकं माझं!"

दुसऱ्या दिवशी ती राकातच्या दारात उभी. माफीबिफी काही नाही. "बोल. काय घालायचं तिला?"

अंडं, मसूर, मांस. सगळ्यांत चांगली कलेजी. बारीक वाटून, बटाट्यात कालवून.

तेव्हापासून एजे गावावर सुटली. कुणाच्याही घरात शिरायची, बाळाच्या हातातला चहाचा पेला घ्यायची आणि उंबऱ्याबाहेर ओतायची. म्हाताऱ्या तिला शिव्या द्यायच्या. एकीनं तर पायातलं काढून फेकलं. एजेनं ते उचलून परत नेऊन दिलं आणि म्हणाली, "फेक अजून, पण पोराला चहा देऊ नकोस." हळूहळू बायका जमल्या. कुणी मसूर आणायची, कुणी अंडी. एजेच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी मुलांसाठी एक भांडं चढू लागलं. त्यात मसूर होती, अंडं होतं, कलेजी तेवढी नव्हती. कारण कलेजी कुणाची, ते ठरलेलं होतं.

म्हणून ती सभा. हिवाळ्यासाठी जनावरं कापायचे दिवस तोंडावर आलेले. एजे म्हणाली, "ज्या घरात जनावर कापलं जाईल, त्या घरानं कलेजी मुलांच्या भांड्यात द्यायची. लग्न असो की मयत."

जुमाली उठले. एजेच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, गावातले पहिले अक्साकाल. मोठ्या दिराचं नाव घ्यायचं नसतं, एजे त्यांना कायनागा म्हणते.

"व्याह्यांच्या तोंडात काय घालायचं मग? बटाटा?"

"चरबी आहे ना, कायनागा. चरबी घाला. पोरांना काही चरबी लागत नाही, तुम्हालाच लागते."

बायका हसल्या. जुमाली हसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून शांतपणे म्हणाले, "शनिवारी तुझ्याच दारात व्याही येतायत. नुरजानची सोयरीक. बघू, तुझी कलेजी कुणाच्या तोंडात जाते."

हशा जागीच विरला. सगळ्या एजेकडे बघायला लागल्या. तिनं व्याह्यांना कलेजी वाढली, तर गावातलं एकही घर भांड्यात काही टाकणार नव्हतं. आणि नाही वाढली, तर धाकट्या लेकीचं लग्न दारातून परत जाणार होतं.

"बघा," एजे म्हणाली. "डोळे उघडे ठेवून बघा."

घरी आल्यावर नुरजाननं आईला धरलं. मी तिथेच कणीक मळत होते.

"आपा, माझं लग्न पणाला लावायला तुला कुणी सांगितलं?"

"ज्या घरात कलेजीच्या फोडीपुढे तू हलकी ठरतेस, तिथे जाऊन काय करणार आहेस?"

"बोलायला सोपं आहे. तुझं लग्न होऊन गेलंय."

 एजे माझ्या परातीशी येऊन बसली. म्हणाली, "तू नको म्हणालीस तर मी वाढेन. कलेजी तुझ्या लग्नाची आहे, माझ्या नाही."

 चुलीपाशी सेझिम भिंतीकडे तोंड करून बसली होती. नुरजाननं तिला उचललं, तिच्या ओठांवरचा चुना पुसला आणि बाहेर निघून गेली.

शनिवारी सकाळी मेंढी कापली गेली. दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तर नुरजान स्वतः पाटावर कलेजी चिरत होती. बारीक, अगदी बारीक. "फोडी व्याह्यांना लागतात," ती मान वर न करता म्हणाली. "पोरांना वाटलेली लागते."

व्याही आले. व्याही मोठा माणूस, पांढरी नक्षीची टोपी, पोट पुढे. विहीण बारीक आणि गप्प. मी चहा ओतत होते, पाहुण्यांना ओततात तसा, पेल्यात थोडा थोडा. मग ताट आलं. चरबीचे तुकडे, त्यावर रस्सा. बाकी काही नाही.

व्याह्यानं ताटात बोट फिरवलं. "कलेजी कुठाय?"

"पलीकडच्या खोलीत," एजे म्हणाली. "पोरांच्या पोटात."

जुमाली घाईनं बोलले, "पाहुणे, रागावू नका. आमची ही भावजय थोडी अशीच आहे. मी आत्ता घरून मागवतो..."

एजेनं माझ्या हातातली किटली घेतली आणि जुमालींचा पेला काठोकाठ भरला. भरलेला पेला देणं म्हणजे काय, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. प्या आणि उठा. जुमालींचे कान लाल झाले. पण पेल्याला त्यांनी हात लावला नाही आणि जागचे हललेही नाहीत.

व्याही उठले. टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "आमचा असा अपमान कुणी केला नव्हता." आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले.

विहीण उठली नाही. तिनं विचारलं, "पलीकडे जाऊ का?"

खोलीत मुलं गोल बसली होती, तोंडं बटाट्यानं माखलेली. नुरजान सेझिमला भरवत होती. वधूनं व्याह्यांसमोर यायचं नसतं. ती दचकून उठायला लागली, तर विहिणीनं खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"ही चुना खाते?" सेझिमच्या नखांतला चुना बघून तिनं विचारलं.

"खायची. हल्ली कमी झालंय."

"माझा नातू माती खातो," विहीण म्हणाली. "मी त्याला मारते." आणि वाडग्याकडे बोट दाखवलं. "यात काय काय घातलंस?"

दोघी बोलत बसल्या. तिकडे व्याही गाडीपाशी थांबले होते, कारण किल्ली विहिणीच्या पिशवीत होती. बाहेर बर्फाचा वारा सुटला. शेवटी ते परत आले, कुणाकडे न बघता जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानापाशी बसले आणि चरबीचा थंड तुकडा तोंडात टाकला. चावून झाल्यावर एजेकडे बोट रोखलं.

"आमच्या घरी याल तेव्हा लक्षात ठेवा. तुम्हालाही कलेजी मिळणार नाही!"

एजेच्या आवाजानं पेले वाजले. "हेच तर मागतेय मी! कायनागा, ऐकलंत?"

जुमालींनी काठोकाठ भरलेला पेला उचलला, एका दमात संपवला आणि उठून गेले.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे घोडा कापला. संध्याकाळी एजेच्या कुंपणाच्या खुंट्याला एक पिशवी अडकवलेली दिसली, ओली आणि जड. कुणी ठेवली ते विचारायला एजे त्यांच्या दारापर्यंत मुद्दाम गेली. जुमाली आतूनच ओरडले, "मला काय विचारतेस? कुत्र्यानं आणली असेल!"

"मग कुत्र्याला सांगा, पुढच्या वेळी अजून आणायची," एजे म्हणाली आणि पिशवी घेऊन चुलीकडे वळली.