दुसऱ्या कडव्याआधीचा श्वास

फुलचूरच्या आमच्या घरी मी वर्षानुवर्षं गिटार शिकवतो. गिटारचा आवाज मोठा करणारा माझा जुना ॲम्प म्हणजे निव्वळ लाकडी खोकं. त्याला एकच आवाज, तोही घरघरीसकट. बोट जरा ढिलं पडलं की चूक अख्ख्या गल्लीला कळायची. शेजारी खिडकीतून विचारायचे, "काऊन रडवून राहिला बे त्या गिटारले?" पोरं लाजायची आणि शिकायची.

मुलीच्या वाढदिवसाला मेहुण्याने नवा ॲम्प आणला. विटेएवढा. मोबाइलला जोडला की म्हणाल तो आवाज काढतो, कच्च्या सुरावर घुमारा पांघरतो. त्याच्या पोटात एक ड्रमवालाही आहे, तो दमत नाही आणि चहा मागत नाही. मुलगी माझ्यासमोर बसेनाशी झाली. कानात हेडफोन, डोळे स्क्रीनवर. "बाबा, तुमच्यापेक्षा हा चांगला शिकवते," म्हणाली. तिची बोटं खरंच पळायला लागली होती, आणि मला राग आला तो त्याचाच.

एक गोष्ट मात्र शिकवायची राहिली होती : साथ. गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, तो थांबला तर आपणही थांबायचं. विषय काढला की ती म्हणायची, "त्यात काय शिकायचं?"

माझी बायको कामं करताना गाते. सुरेख गाते, पण चारचौघांत कधीच नाही. यंदा दिवाळीनंतर तिच्या माहेरी मंडईची जत्रा भरली, तेव्हा दंडारीचा खेळ सुरू व्हायच्या आधी लेकीने तिला आग्रह करकरून स्टेजवर चढवलं. "आई, मी आहो ना सोबत."

पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याआधी, समोर सगळे आपलेच भाऊबंद बघून, बायकोचा श्वास अडकला. साथीला जिवंत ड्रमवाला असता तर तोच ठेका पुन्हा वाजवत तिची वाट बघत राहिला असता. ॲम्पमधला ड्रमवाला पुढे गेला आणि लेक त्याच्या मागे गेली. बायकोने तिच्याकडे बघितलं. लेकीची नजर मोबाइलवर होती. बायकोने माइक खाली ठेवला. गिटार शेवटपर्यंत वाजली, एकही सूर न चुकता. टाळ्या पडल्या.

मेहुणा खांद्यावर हात टाकून म्हणाला, "भाऊजी, गिटार मस्त वाजून राहिली होती." 'भाची वाजवून राहिली होती' असं म्हणाला असता तर कौतुक पोरीचं झालं असतं. गडी नकळत खरं बोलून गेला, आणि मला हसूही आलं नाही.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "आई, तू ताल चुकली."

"हो वं, मीच चुकली," बायको म्हणाली.

लेकीला ते पटलं. तिने हेडफोन लावले. मी तोंड उघडणार, तोच बायकोने माझा हात दाबून धरला.

तेव्हापासून बायको कामं करताना गात नाही. लेकीला ते अजून कळलेलं नाही.