पहिला नंबर

सावली गावाजवळच्या तळ्यात जाळं टाकता टाकता बायनाबाईचं आयुष्य गेलं. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, तळ्याच्या पाळीवर वाघाच्या पंजांचे ताजे ठसे पाहिले, पण छाती कधी धडधडली नाही. ती धडधडली नागपूरच्या विमानतळावर, गुबगुबीत खुर्चीत बसून.

आता तिथे घाबरण्यासारखं काय होतं? गार हवा, आरशासारखी फरशी, हात पुढे केला की आपोआप पडणारं पाणी. शहाणी माणसं पाय पसरून मोबाइल चार्ज करत होती. बायनाबाईला मात्र त्या गारव्यातही घाम फुटला होता. दहाचं विमान एकवर गेलं होतं, एकचं चारवर. पुण्यात पाऊस कोसळत होता म्हणे, तिकडून विमानच निघालं नव्हतं. आणि पाच वाजता तिथल्या दवाखान्यात तिच्या धाकट्या लेकीचं, रिनाचं, सीझर होतं.

"आई, तू आल्याबिगर मी आत जात नाई," रिनाने आठवडाभर हेच घोकलं होतं. त्याला कारण होतं. थोरली मैना बाळंतपणाला गेली, तेव्हा बायनाबाई एसटीची वाट पाहत फाट्यावर ताटकळली होती. पोचली तोवर ना मैना उरली होती, ना तिचं लेकरू. त्या लेकरासाठी शिवलेली गोधडी चौदा वर्षं पेटीत पडून होती. आज ती थैलीत होती. आणावी की न आणावी, आणली तर काही वाईट तर होणार नाही, या भीतीने तिचा आठवडा गेला होता. पण दुसरी शिवायला हात धजावले नाहीत.

विमानाकडे जाणाऱ्या दारापुढे रांग नव्हती, याचीच तिला जास्त धास्ती. रांग नाही म्हणजे ऐन वेळी झुंबड उडणार आणि आपण मागे राहणार. तिच्या गावात रेशनच्या दुकानापुढे माणसं कुठे उभी राहतात? चपला, थैल्या आणि दगड उभे असतात. थैली रांगेत आहे तोवर माणूस हजर धरतात, नंबर कोणी मारत नाही. बायनाबाईने काचेच्या दारापुढे थैली ठेवली आणि पाणी प्यायला गेली.

परतली तर दारापुढची सगळी जागा रिकामी केलेली. थैलीभोवती बंदूकवाले आणि एक कुत्रा.

"ये किसका बैग है?"

आता पकडून नेतील, विमान निघून जाईल, रिना एकटी आत जाईल, मैनासारखी. ती तशीच धावली. "माही थैली हाय साहेब! नंबराले ठेवली!"

साहेबाला मराठीच येत नव्हतं, तिथे तिची गावाकडची झाडीबोली काय कळणार! गोधडी सगळ्यांदेखत उलगडली गेली. बायनाबाईने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात फरशी पुसणारी एक बाई हातातलं काम टाकून पुढे आली. ज्योत्स्ना तिचं नाव, माहेर सावलीशेजारच्या सिंदेवाहीचं.

"साहब, हमारे उधर लाइन में थैली रखते हैं. नंबर के वास्ते."

साहेबाने एकदा थैलीकडे पाहिलं, एकदा बायनाबाईकडे. मग हसू दाबत स्वतःच गोधडीची घडी घातली. "अम्मा, सामान छोड़ना नहीं."

त्यानंतर ज्योत्स्ना दर फेरीला थांबून सांगून जायची. "नाई उडालं मावशी अजून, खोटं कायले सांगू?" मग, "आता निघालं पुण्याहून." एवढ्या मोठ्या विमानतळात बायनाबाईला आवडलेली सोय ही एकच, आपल्या बोलीत खरं सांगणारं माणूस.

साडेतीनला फोन वाजला. बाळाचे ठोके कमी होत होते, डॉक्टर पाचपर्यंत थांबायला तयार नव्हते. रिना रडत होती.

"आई, तू कुठी हायेस? मी नाई जात आत."

खरं सांगावं तर पोरगी हटून बसेल. "नंबर लावला हाय माय. दारापाशी. पहिला."

लहानपणी आईच्या थैलीवर नजर ठेवत रेशनच्या दुकानापुढे बसणारी हीच रिना.

"थैली ठेवली?"

"ठेवली."

"मंग जातो मी," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

थैली तर मांडीवर होती. उभ्या जन्मात तिने नंबर कधी खोटा सांगितला नव्हता, आणि आज, अशा वेळी, पोटच्या पोरीला सांगितला. सामान सोडायचं नाही, ही साहेबाची तंबी. ती उठली, काचेच्या दारापुढे गेली, उजव्या पायातली चप्पल काढून तिथे सरळ ठेवली. मग गोधडी छातीशी धरून, उघडा पाय थंड फरशीवर टेकवून खुर्चीत येऊन बसली.

ज्योत्स्ना फरशी पुसत पुसत दारापाशी आली. तिला चप्पल दिसली. तिने वळून बायनाबाईकडे पाहिलं. चप्पल जिथल्या तिथे राहू देऊन तिने भोवतालची फरशी पुसून घेतली.