मागची खुर्ची

टगवर कधी पाय न ठेवलेल्या माणसाला वाटतं, टग चालवणारा पुढे बघत असेल. कप्तानाला हे ऐकलं की हसू यायचं. टगचं काम म्हणजे मोठ्या जहाजाला दोर लावून बंदरात ओढत आणायचं. पुढची वाट एकदा बघून डोक्यात बसवायची आणि मग सगळं लक्ष मागे, दोरावर. दोर फार सैल पडला तरी पंचाईत, फार ताणला तरी पंचाईत, आणि मागचं ते अवाढव्य धूड आपल्या मनाने वळायला लागलं तर विचारूच नका. एकतीस वर्षं हेच केल्यावर कप्तानाची मान कायमचीच डावीकडे जराशी वळलेली राहिली. मुलीच्या लग्नातल्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत आणि हे गृहस्थ खांद्यावरून मागे बघतायत. बायकोबरोबर फिरायला निघाला तर स्वतः चार पावलं पुढे, आणि दर दहा पावलांनी वळून एक नजर मागे.

"माझ्या मागे पोलीस लागलेत का हो?" बायको विचारायची.

"नाही गं. आहेस ना, ते बघतो."

"नसायला मी जाणार कुठे?"

बायको म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. धक्क्यावरच्या निम्म्या लोकांना पाढे त्यांनीच शिकवलेले, त्यामुळे अख्खं बंदर त्यांना 'बाई' म्हणायचं. आपणही बाईच म्हणू. कप्तानाबद्दल मात्र पाठीमागे कोणी कधी अहो-जाहो केलं नाही. त्याचा चेहराच तसा नव्हता.

आणि मग एक दिवस बाई पडल्या. सकाळी दहाच्या सुमाराला, न्हाणीघराच्या दारात. कप्तान तेव्हा एका तेलवाहू जहाजाला दोर लावून बंदराच्या तोंडाशी होता. तीन वाजता घरी आला तर बाई जमिनीवर, भिंतीला डोकं टेकून. पाच तास त्या तशाच पडून होत्या. त्याला बघून म्हणाल्या, "आलं का जहाज नीट?" कप्तान त्यांच्याशेजारी फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली, बाई पुन्हा चालायला लागल्या. पण कप्तानाच्या डोक्यातून ते पाच तास काही जाईनात. नोकरीची दीड वर्षं उरली होती, ती त्याने सोडून दिली आणि घरात बसून डोळ्यात तेल घालून बाईंवर पहारा करायला लागला. त्या स्वयंपाकघरात गेल्या की हा दारात. त्या गॅलरीत गेल्या की हा खिडकीत. बाईंचा राग तसाही नाकाच्या शेंड्यावरच असायचा, आता तो तिथेच मुक्कामाला आला.

अशातच कप्तानाने बोटीचं काढलं. खाडीच्या काठावर एक माणूस छोट्या टगबोटी बांधायचा. काही ओढायला वगैरे नाही, हिंडायला. दिसायला टग, आतून घर. दोन माणसं झोपतील एवढी जागा, छोटंसं स्वयंपाकघर, न्हाणी, वर सुकाणूची केबिन. कप्तानाचं सगळं आयुष्य बंदराच्या तोंडापासून आत आणि आतून तोंडापर्यंत गेलेलं. त्या तोंडाच्या पलीकडचा किनारा, नद्या, बेटं त्याला बाईंबरोबर बघायची होती.

"लोक निवृत्त झाले की ऑफिस सोडतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही घरी घेऊन आलात."

पण त्याचा चेहरा बघून त्यांनी एक अट घातली. "मी एकदाच येईन. चाचणीच्या दिवशी. आवडलं तर तुम्ही म्हणाल तिकडे येते. नाही आवडलं तर बोट देऊन टाकायची आणि मुलीकडे राहायला जायचं. मग कुरकुर नाही."

मुलगी पाचव्या मजल्यावर राहायची, अशा शहरात की जिथे नळाशिवाय पाणी दिसायचं नाही. कप्तान "बरं" म्हणाला. बोट बांधणाऱ्यानेही आधीच दुसरं गिऱ्हाईक हेरून ठेवलं. कोणाला काय आवडेल याचा नेम नाही, असं तो बाईंकडे बघून म्हणाला होता.

तीन महिने सजावट चालली. बाई एकदाही फिरकल्या नाहीत. "अर्धा सोडवलेला पेपर मी तपासत नाही," असं म्हणायच्या. आतलं सगळं लाकूडकाम एका मिस्त्रीकडे होतं. तो कप्तानाच्याच वयाचा आणि त्याच्याइतकाच हट्टी, त्यामुळे रोज एकदा तरी तोंडातोंडी व्हायचीच. बोट कलली तरी ताटल्या घरंगळू नयेत म्हणून मिस्त्रीने फळीला खाचा पाडल्या, खणांना खिट्ट्या बसवल्या, शेगडीभोवती कठडा केला. पण दोघांचं खरं वाजलं ते डेकपासून केबिनपर्यंत धरायला बसवायच्या दांड्यांवरून.

त्याचं असं झालं. घरात आपण काठीशिवाय आणि आधाराशिवाय चालतो, असं बाई डॉक्टरांना, मुलीला, शेजारणीला ठणकावून सांगायच्या. भिंती मात्र वेगळं सांगत होत्या. बोळातल्या भिंतीवर, फ्रिजच्या कडेला, न्हाणीघराच्या चौकटीला हाताचे मळकट डाग पडले होते, आणि सगळे एकाच उंचीवर. कप्तानाने ते बघितले आणि हूं की चूं केलं नाही. बाई शेजारी गेल्या की टेप घेऊन तो डाग मोजायचा. जमिनीपासून किती, एकापासून दुसरा किती. एक दिवस पकडला गेला.

"काय चाललंय?"

"घराला... रंग काढावा म्हणतोय."

"मग फ्रिज कशाला मोजताय?"

"तोही बरा दिसेल जरा."

"फ्रिजला रंग!" बाईंनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून सकाळी उठलं की पहिला प्रश्न, "रंगारी येतोय का आज?"

इकडे मिस्त्री वैतागलेला. "दांडे एका ओळीत असतात कप्तान, जरा वरच्या अंगाला. मी चाळीस बोटी केल्यात."

"चौतीस इंच."

"आणि हा मध्येच कशाला?"

"तो तिथेच पाहिजे."

"बाईंसाठी आहे का हे?"

"समुद्रात सगळ्यांनाच लागतं धरायला," कप्तान म्हणाला आणि उगीचच एक स्क्रू घट्ट करत बसला.

सगळ्यात जास्त जीव मात्र त्याने मागच्या डेकवरच्या खुर्चीत ओतला. चार बोल्टांनी पक्की केलेली, वर कापडी छत, हात टेकायला रुंद फळ्या, कमरेला पट्टा. सुकाणूच्या केबिनला मागच्या बाजूने छोटीशी गोल काच होती. ती काढून त्याने मोठी चौकोनी खिडकी पाडून घेतली. सुकाणूपाशी उभं राहून मान डावीकडून वळवली की खुर्ची खिडकीच्या बरोबर मधोमध.

"इथे केबिनमध्ये बसवा की त्यांना, जागा आहे," मिस्त्री म्हणाला.

"इथे डिझेलचा वास. तिकडे मोकळी हवा."

वास ही थाप होती. जे जपायचं ते मागे असतं आणि त्याच्याकडे वळून वळून बघायचं असतं, एवढी एकच रीत कप्तानाला येत होती.

चाचणीच्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन होतं, वारा अगदी बेताचा. बाई धक्क्यावर आल्या त्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन. पिशवीत घरची किटली. कप्तानाला तेवढ्यावरून आशा वाटली. त्याने त्यांना हात धरून मागच्या डेकवर नेलं, खुर्चीत बसवलं, पट्टा लावला आणि ओढून बघितला. मग परत एकदा ओढून बघितला.

"सुटणार नाही मी," बाई म्हणाल्या. आवाजात धार होती. कप्तानाच्या ते लक्षात यायला हवं होतं.

इंजीन पहिल्या झटक्याला सुरू झालं. धक्का सुटला. मिस्त्री केबिनमध्ये उभा राहून आपल्या खिट्ट्या वाजतात का ते कान देऊन ऐकत होता. एकही वाजली नाही. बोट सुकाणूचं ऐकत होती, हलकी होती, मागे ओझं नव्हतं, आणि इतकी वर्षं ज्या वळणांवर घाम फुटायचा ती वळणं दोन बोटांनी पार पडत होती. कप्तानाला आनंद व्हायला हवा होता. पण त्याची मान दर दहा सेकंदांनी मागे. बाई पाण्याकडे बघत होत्या. पुन्हा मागे. बाईंनी पदर सारखा केला. पुन्हा मागे. बाई आता सरळ त्याच्याकडेच बघत होत्या, कॉपी करणाऱ्या मुलाकडे बघावं तशा.

आणि तेवढ्यात धाडकन आवाज झाला. वाट दाखवणारा तरंगता लाल बोया, जो त्याने हजारो वेळा डोळे मिटून टाळला होता, बोटीच्या उजव्या अंगाला घासून मागे गेला.

"खाली जा! पाणी येतंय का बघ!" कप्तान ओरडला. मिस्त्रीने केबिनमधली फळी उचलली आणि तो बोटीच्या पोटात उतरला.

पुढची जागा वाईट होती. दोन्हीकडे पाण्याखाली वाळू, मधून बोटीपुरती वाट आणि पाण्याची आडवी ओढ. इथे थांबलं तर दोन मिनिटांत पाणी बोटीला वाळूवर नेऊन बसवणार. सुकाणू सोडणं शक्यच नव्हतं. त्याने एकदा मागे बघितलं. बाई पट्टा सोडून उभ्या राहिल्या होत्या.

"बस! अगं, खाली बस!"

इंजिनाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं असेल किंवा नसेल. गेलं असतं तरी त्या बसल्या नसत्या. आणि समोर पुढचा बोया, नजर काढायची सोय नाही. आयुष्यात पहिल्यांदा कप्तान मागे न बघता उभा राहिला आणि नुसता ऐकत राहिला. डेकवर काठी वाजली. ठक. मग पुन्हा ठक. बोट जराशी कलली. ठक. मग काहीतरी आपटून घरंगळत गेलं, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना.

काठी नाही. पाऊल नाही. समोरचा बोया अंगावर येत होता, तो टळला, आणि तरीही मागून आवाज नाही. तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक बाईंचं नाव, जे घरातही तो फारसं घेत नसे.

केबिनचं दार सरकलं. त्याच्या खांद्यावर हात पडला.

"पुढे बघा," बाई म्हणाल्या.

वाळूची जागा संपेपर्यंत तो पुढेच बघत राहिला. मग कसंबसं म्हणाला, "काठी?"

"पडली डेकवर. पडू दे. दोन्ही हात दांड्यांना लागत होते." बाई जरा दम खात होत्या. "सहा दांडे आहेत तिथून इथपर्यंत. हात जिथे गेला तिथे दांडा होता. एकही चुकला नाही." आणि लगेच, "रंगारी येणारच नव्हता ना?"

"नाही."

"कधी कळलं तुम्हाला?"

"मार्चपासून डाग दिसत होते."

बाई पाण्याकडे बघायला लागल्या. रागावल्या असतील असं वाटून कप्तान आणखीच ताठ उभा राहिला.

"हे एवढं समजतं तुम्हाला," त्या म्हणाल्या, "मग मला मागे कशाला बांधून ठेवलंत? मी काय ओढून न्यायचं जहाज आहे का?"

"पाच तास, गं," कप्तान म्हणाला. "पाच तास मी मागे वळून दुसऱ्याच्या जहाजाकडे बघत होतो आणि तू..."

"मी उठले की हो तिथून. कधीच उठले." बाईंनी खांद्यावरचा हात काढला नाही. "तुम्हीच अजून त्या फरशीवर बसलायत."

डोळे पुसायला कप्तानाला एक हात सुकाणूवरून काढावा लागला असता. बाईंनी पदराने पुसले.

बोट आता बंदराच्या तोंडाबाहेर पडली होती. पाणी मोकळं झालं, लाटा लांब आणि सावकाश येऊ लागल्या. सवयीने कप्तानाची मान वळलीच. खिडकीत मधोमध रिकामी खुर्ची, पट्टा लोंबतोय.

"इकडे आहे मी," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात फळी उचलून मिस्त्रीचं डोकं वर आलं. "थेंब नाही पाण्याचा! नुसता रंग खरवडलाय."

"म्हणजे रंगारी आता बोलवावाच लागणार," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, एक काम करा. ती मागची खुर्ची काढून टाका."

कप्तानाला पाचवा मजला दिसला. 'बरं' म्हटलं होतं ना, मग कुरकुर नाही.

"काढून कुठे ठेवू?" मिस्त्रीने विचारलं.

"इथे बसवा, यांच्याजवळ. लांबचा प्रवास आहे, मी काय उभीच राहू?"

"उजव्या हाताला बसवतो, तिकडे जागा ऐसपैस आहे."

"नको," बाई म्हणाल्या. "डाव्या हाताला. मान तिकडेच वळते त्यांची."

मिस्त्री टेप काढून जागा मोजायला लागला. कप्तान समोर बघत राहिला, मोकळ्या पाण्याकडे. मग मान जराशी डावीकडे वळवली.